चुडामण नानांचे तीन लाख

शास्त्र म्हणतं, नमुना निर्जंतुक चमच्यानं घ्यावा, निर्जंतुक पिशवीत भरावा आणि विक्रेत्याशी कामापुरतंच बोलावं. यावरून एवढंच सिद्ध होतं, की शास्त्र कधी जळगावला आलेलं नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आहे. आमच्या घरात हे वाक्य जरा खालच्या आवाजात म्हणतात, कुणाला ऑपरेशन सांगितलंय हे म्हणावं तसं. कायमची नोकरी लागेपर्यंत मोकळं बसू नये म्हणून मी आमच्याच कॉलेजात डॉ. दिपमाला मॅडमच्या प्रकल्पावर लागलो. प्रकल्पाचं नाव 'शहरात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांतील जिवाणू व रासायनिक दूषितांचे सर्वेक्षण'. हे नाव पप्पांच्या तोंडात काही केल्या बसेना. विचारणाऱ्याला ते सांगत, "हितू कॉलेजात लागलाय. खाण्यावर आहे."

काम सोपं होतं. बर्फ भरलेली निळी पेटी खांद्याला लावायची, गाडीवर जायचं, पदार्थ विकत घ्यायचा, पेटीत टाकायचा आणि प्रयोगशाळेत आणायचा. तिथे त्यातले जिवाणू वाढवून मोजायचे आणि रंगबिंग कसला घातलाय ते बघायचं. पहिल्याच दिवशी पेटी घेऊन एका गल्लीत शिरलो, तर बाया पोरं घेऊन बाहेर आल्या. एकीनं आपलं बाळ माझ्या हातात दिलं आणि त्याचं तोंड उघडून धरलं.

"मी डोसवाला नाही, ताई," मी म्हणालो.

"मग कोन?"

"मी नमुने गोळा करतो."

तिनं बाळ ज्या वेगानं परत घेतलं, त्या वेगानं आजवर माझ्या हातून कुणी काही घेतलेलं नाही.

दुसरी अडचण खाण्याची. आमच्याकडे गाडीवर जाऊन न खाता निघणं म्हणजे लग्नात जाऊन आहेर देऊन पंगतीच्या वेळी पळणं. भरीतवाल्याला मी म्हणालो, "थोडं पार्सल द्या." त्याचा चेहरा पडला. "गरम भरीत पार्सल? कोनी मेलं का घरात?" मग त्यानं मला बाकड्यावर बसवलं, कळण्याची भाकरी वाढली, वरून तेल सोडलं, आणि मी बोटं चाटेपर्यंत समोर उभा राहिला. नंतर म्हणाला, "आता भर तुझ्या पिशवीत काय भरायचं ते." म्हणजे प्रत्येक नमुना दोनदा गोळा होऊ लागला, एकदा पेटीत आणि एकदा माझ्यात. पेटीला आतून बर्फ होता. मला तीही सोय नव्हती.

हे सगळं ओट्यावरून पाहत होते आमचे शेजारी बन्सीलाल आबा. आबांचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीत आवक-जावक टपालात गेलं, त्यामुळे जगात कुठलीही वस्तू एका ठिकाणाहून दुसरीकडे शिक्क्याशिवाय गेली, की त्यांना झोप लागत नाही.

"पंचनामा केला का?" त्यांनी विचारलं.

"आबा, हा अभ्यास आहे. छापा नाही."

"उद्या तो म्हटला, हे भरीत माझं नाहीच, तर? भरितावर काय नाव लिहिलेलं असतं? पंच लागतो. मी येतो."

दुसऱ्या दिवसापासून आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसू लागले. पेटी त्यांच्या मांडीवर. मॅडमनी सांगितलं होतं की विक्रेत्याला गाजावाजा करून काही सांगू नका, गिऱ्हाइकासारखं जा. आबा गाडीसमोर उतरायचे, घसा साफ करायचे आणि आवाज लावायचे, "कॉलेजतर्फे तपासणी आहे! जिन्नस नीट द्या! निकाल लागणार आहे!"

'निकाल' म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. शहरात बातमी पसरली, की कॉलेज खाण्याच्या गाड्यांचे नंबर काढतंय. दोनच दिवसांत मला रस्त्यात थांबवून लोक विचारू लागले, फॉर्म कुठे मिळतो? एका शेवभाजीवाल्यानं मला 'सर' म्हणून भाजीत ज्यादा शेव टाकली. जिलबीवाल्यानं नमुन्याची जिलबी इतकी मन लावून घातली, की ती नुसती पाहत बसावी. कचोरीवाला घरी आला आणि आईला म्हणाला, "मावशी, पोराले सांगा, माझ्यावर लक्ष राहू दे." आई म्हणाली, "त्याचंच त्याच्यावर लक्ष नाही, भाऊ."

तिचाही इलाज नव्हता. प्रयोगशाळा बंद झाल्यावर उरलेले नमुने मी घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचो, त्यावर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' असं लिहून. पप्पांनी एका दुपारी चार दुकानांचे डुबुकवडे, म्हणजे माझा आठवड्याचा सगळा उडीद विभाग, संपवला. "'खाऊ नये' लिहिलंय, म्हणजे चांगलं असणार," हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि आमच्या घरात आईनं डबे कसे लपवले ते माहीत असणारा कुणीही त्यात खोट काढू शकणार नाही. मी घाबरून रात्रभर त्यांच्याकडे पाहत होतो. सकाळी त्यांनी दुसऱ्या दुकानाचा पहिला नंबर जाहीर केला.

अशा रीतीनं संशोधन पुढे सरकत असताना यादीत पुढचं नाव आलं बर्फगोळ्याचं, आणि मी माझ्या जुन्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलो.

फाटकाशी चुडामण नानांची गाडी होती. तिथेच, त्याच निंबाखाली, त्याच जागी. हिरवा रंग उडालेली लाकडी गाडी, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, रंधा, आणि ओळीनं बाटल्या: लाल, पिवळी, हिरवी, आणि ज्याला अजून कुठल्याही भाषेत नाव नाही असा एक रंग. नाना धुळ्याकडच्या नरडाण्याचे. जळगावात उभं आयुष्य गेलं तरी बोलणं अहिराणीच. सकाळची शाळा सुटली की आम्ही उन्हातून अनवाणी असल्यासारखे पळत सुटायचो, आणि नाना रंध्यावर बर्फ ओढायचे तो खर्रखर्र आवाज ऐकला की आमचं भूगोल, गणित आणि हेडमास्तर एकदम वितळून जायचे. गोळा काडीवर दाबायची नानांची एक पद्धत होती. तळहातात घेऊन, डोळे मिटून, कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवावा तसा. मी जगातलं बरंच काही विसरलोय, त्यात एम.एस्सी.चा बराच अभ्यास येतो. पण तो गोळा दाबला जाताना हाताच्या कडेनं गळणारा लाल थेंब मला अजून दिसतो.

"कोन? हितू?" नाना म्हणाले. "तुना निकाल लागस ना रे? ये, ये. पहिले खाय."

मी खाल्ला. शास्त्र बाजूला उभं राहिलं.

रस्त्याच्या पलीकडे एक नवी गाडी होती. स्टीलची, मशीन असलेली, वर छत्री. मालक शालिग्राम हा तरुण माणूस होता, हातात मोजे घालायचा आणि गिऱ्हाइकाला 'थँक्यू' म्हणायचा. शाळा सुटली, आणि निम्मी पोरं रस्ता ओलांडून गेली. नाना तिकडे न पाहता मला म्हणाले, "देख हितू. मना पोऱ्या धुळाले राहस. रोज फोन करस, आते बस कर, इकडे ये. मी ठरायेल शे. तुना निकालमा मना पहिला नंबर उना, त मी आठेच. नही उना, त गाडी भंगारमा, आनि मी धुळाले."

मागून आबा म्हणाले, "पंचासमोर बोललेलं आहे हे."

मी दोन्ही गाड्यांचे नमुने घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या दारात देवाला हात जोडले. निकाल आला. शालिग्रामच्या गोळ्यात जिवाणू दोनशेच्या आत. नानांच्या गोळ्यात, तेवढ्याच पाण्यात, तीन लाख. शिवाय नानांचा लाल रंग मी पांढऱ्या लोकरीच्या धाग्यावर तपासला. धागा धुतला, उकळला, पुन्हा धुतला. रंग हलेना. त्या रंगात स्वेटर बुडवला असता, तर माझ्या नातवानं तो वापरून भावाला दिला असता. खायचा रंगच नव्हता तो.

हे नानांना हळूच, बाजूला घेऊन, शब्द नीट निवडून सांगायचं असं ठरवून मी फाटकाशी गेलो. आबा माझ्याआधी पोचले होते.

"नाना, किती असतील सांगा," आबा म्हणत होते. "सांग रे हितू, पंचांना आकडा कळला पाहिजे."

"कितला उनात माले?" नानांनी रंधा थांबवून विचारलं. सगळी पोरं थांबली.

"नाना, आपण जरा तिकडे..."

"आकडा सांग!"

"तीन लाख," मी म्हणालो.

"आनि त्याले?" नानांनी पलीकडे बोट केलं.

"दोनशे. पण नाना, ऐका..."

नानांनी दोन्ही हात वर केले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबांनी नानांना मिठी मारली. पलीकडे शालिग्राम मोजे काढून कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याचा चेहरा दहावीत दोनशे मार्क पडलेल्या मुलाचा होता.

"नाना, ते जंतू आहेत!" मी ओरडलो. "तीन लाख जंतू!"

"अरे जंतू काय, हत्ती निंघनात तरी मनाच शेतस ना!" नाना म्हणाले, आणि त्यांनी पहिला गोळा मला फुकट दिला.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'शहरात प्रथम! ३,००,०००! चुडामण नाना बर्फगोळा सेंटर'. खाली 'मार्गदर्शक पंच' म्हणून बन्सीलाल आबा, मोबाईल कानाला लावलेले. आणि शेजारी 'थोर संशोधक' म्हणून मी. फोटो माझ्या मामेभावाच्या लग्नातला होता, गॉगल आणि फेट्यासह. ज्या माणसानं आजवर एकही गोष्ट शोधलेली नाही, त्याच्याकडे पाहून चौकातला वाहतूक पोलीस सलाम करू लागला.

तीन लाख म्हणजे काय हे कुणीच विचारलं नाही. कुणाला वाटलं बक्षीस, कुणाला वाटलं गिऱ्हाइकं. गर्दी मात्र अशी उसळली, की पूर्वी फक्त शाळेची पोरं यायची, आता भुसावळहून कुटुंबं येऊ लागली. आयाबाया कडेवरच्या लेकरांना चाटवू लागल्या. शहरातला सगळ्यात घाण गोळा मी शहरात सगळ्यात जास्त खपवला होता. हे एका माणसाला, एका प्रकल्पात, सहसा जमत नाही.

मॅडमनी फ्लेक्सचा फोटो मला पाठवला. खाली एकच ओळ होती: 'हितेंद्र, फेट्यातले तुम्हीच का?' भेटल्यावर त्या रागावल्यासुद्धा नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "लहान मुलं खातायत," त्या म्हणाल्या. "आज त्यांना समजावून गोळा बंद करा. नाही झालं, तर उद्या मला अन्न खात्याला कळवावं लागेल. ते गाडी उचलून नेतील. मग त्यांना काय वाटतं ते कुणी विचारणार नाही."

फाटकाशी सांगून उपयोग नव्हता. मी नानांना म्हणालो, "कॉलेजात या. तुमचा निकाल डोळ्यांनी बघा." नाना पांढरं धोतर, टोपी, कपाळाला टिळा अशा थाटात आले. बायकोच्या फोटोच्या पाया पडून आलो म्हणाले.

मी दोन काचेच्या बशा टेबलावर ठेवल्या. शालिग्रामची जवळजवळ कोरी, कुठेतरी एखादा ठिपका. नानांची बशी काठापर्यंत गच्च भरलेली, ठिपक्याला ठिपका लागलेला. नाना वाकले. त्यांनी लहानपण शेतात गेलेल्या माणसाच्या नजरेनं आधी शालिग्रामची बशी पाहिली आणि कीव आल्यासारखी मान हलवली.

"याना वावरमा काहीच उगनं नही. बियानं खराब दिसस." मग स्वतःची पाहिली. डोळे भरून पाहिली. "मना देख! कशी दाट उगवन शे. आनि पानी कितलं कमी!"

माझी सगळी तयारी, तक्ता, चित्रं, सगळं टेबलावर तसंच राहिलं. मी म्हणालो, "नाना, हे पीक नाही. हे तण आहे."

नाना वाकलेलेच राहिले.

"बठ्ठं?"

"बठ्ठं. सगळंच."

मग ते खुर्चीवर बसले. "कोठून उनं?"

"गोणपाटातून असेल. बर्फाच्या पाण्यातून असेल. आणि तो लाल रंग कपड्याचा आहे नाना, खायचा नाही."

"बाजारमा खायाना म्हनीसनच दिधा व्हता त्यानी." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "याच्यानं पोऱ्यास्ले काय व्हस?"

"पोट बिघडतं. ताप येतो. कधी कावीळ."

"तू त रोज खाये. तुले काय व्हयनं?"

'काही नाही' माझ्या अगदी ओठावर होतं, पण ते खोटं ठरलं असतं. कारण मला झालं होतं. दर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागायच्या सुमारास, मी नेमानं आजारी पडायचो. आई म्हणायची, उन्हाची नजर. डॉक्टर म्हणायचे, हवा. आणि त्या आजारपणासारखं सुख मी पुन्हा पाहिलेलं नाही. खिडकीला ओली चादर, आईच्या हातची मऊ खिचडी, वर तुपाची धार, कपाळावर तिचा हात. परीक्षेतून सुट्टी. भुसावळहून ड्युटी करून आलेले पप्पा पायाशी बसून माझे तळवे चोळायचे. आणि पोरगं कोमेजलं म्हणून, आईला चोरून, थर्मासमध्ये माझ्यासाठी एक वस्तू आणायचे. नानांचा गोळा. म्हणून मी बरा होत आलो की पुन्हा पडायचो. माझ्या बालपणातले सगळ्यात सोन्याचे दिवस, मी तिथे बसल्या बसल्या हिशेब लावला, जवळजवळ सगळेच्या सगळे, समोरच्या बशीतून उगवले होते.

"नाना," मी म्हणालो, "मी दरवर्षी आजारी पडायचो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "तुना बाप थर्मास लई ये," ते हळू म्हणाले. "सांगे, पोऱ्या आजारी शे, जरा मोठा दाबी द्या." त्यांनी स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला. "मी मोठा दाबी दिऊ."

मग ते उठले. चौकात गेले. फ्लेक्सच्या दोऱ्या त्यांनी स्वतः सोडल्या, तो घडी घालून गाडीवर टाकला, आणि गाडी बंद. धुळ्याच्या पोराला फोन लावून म्हणाले, "मी येस धुळाले. आते मन भरनं."

दोन दिवस फाटकाशी निंबाखाली नुसती सावली होती. ती पाहवेना. मी मॅडमला भेटलो, मॅडमनी खायच्या रंगाचं एक चांगलं दुकान सांगितलं. मी आबांना घेऊन स्वच्छ बर्फासाठी शालिग्रामकडे गेलो. "पंच म्हणून सांगतो," आबा त्याला म्हणाले, "तुझ्याकडे बर्फ आहे, त्यांच्याकडे हात आहे." शालिग्रामनं जरा वेळ मोजे ओढून पाहिले. मग म्हणाला, "मी चौथीत असताना नानांनी मला उधार गोळा दिला होता. बर्फ नेऊ द्या त्यांना. पण सर, मला खरंच फक्त दोनशेच पडले होते का?" त्याला खरं सांगितल्यावर तो रस्त्यातच बसून हसला.

नानांना मनवायला त्याहून जास्त लागलं. ते बॅग भरून बसले होते. आबांनी बॅगेला शिक्का नाही म्हणून ती जाऊ दिली नाही, हे मी स्वतः पाहिलंय. शेवटी नाना एका अटीवर तयार झाले: पहिला गोळा मी खायचा, आणि खरं सांगायचं.

उकळलेल्या पाण्यानं धुतलेली गाडी. गोणपाटाऐवजी झाकणाची पेटी. नवा लाल रंग, जरा विचार करून लाल झाल्यासारखा. नानांनी बर्फ ओढला, डोळे मिटून दाबला आणि माझ्या हातात दिला. त्याचा नमुना मी आधीच तपासला होता. जवळजवळ कोरी बशी. नाना, आबा, शालिग्राम, तिघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी चोखून पाहिला. थंड होता. गोड होता. स्वच्छ होता. आणि तो नव्हता.

"कसा शे?" नानांनी विचारलं.

सगळ्या प्रकल्पात मी एकच खोटा निष्कर्ष नोंदवला, तो इथे. "तसाच आहे, नाना. अगदी तसाच."

"खोटं बोली राह्यना," नाना म्हणाले. "मी सकायमाच खाधा. माले बी तसा नही लागना."

तेवढ्यात शाळा सुटली. पोरं उन्हातून पळत आली, गाडीला लटकली, आणि 'नाना माझा पहिला, नाना माझा पहिला' सुरू झालं. एका चिंगीनं गोळा तोंडात घालून डोळे इतके घट्ट मिटले, की तिच्या वेण्यासुद्धा आखडल्या. तिच्या कोपरावरून लाल ओघळ चालला होता आणि तिला त्याचं काहीच नव्हतं.

नाना रंधा ओढता ओढता तिच्याकडे पाहत होते. "हितू," ते म्हणाले, "हिले जुना माहीत नही. हिले हाऊ नवाच तो शे."

मग त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं. "सरक आते. बठ्ठी गर्दी थांबाडी राह्यना."